हिंसेचा हिशेब : एका गाजलेल्या पुस्तकाच्या निमित्ताने

शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही एक प्रश्न अनेकदा विचारून पाहिला आहे : जगातली हिंसा वाढते आहे, की कमी होते आहे? उत्तर बहुतेक वेळा एकमुखाने येते, वाढते आहे. पुरावा काय, असे विचारले की सकाळचे वर्तमानपत्र पुढे केले जाते. मग आम्ही विचारतो, 'काल अमुक तालुक्यात कोणीही कोणाच्या अंगावर हात टाकला नाही' अशी बातमी तुम्ही कधी वाचली आहे का? यावर हशा होतो, आणि बातम्या हा जगाचा प्रातिनिधिक नमुना नव्हे एवढे सर्वांना पटते. पण पटता पटताच काही जण थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात : म्हणजे हिंसा कमीच होते आहे तर! एक पुरावा कच्चा निघाला म्हणून त्याच्या उलटे विधान खरे ठरत नाही, हे समजावून द्यायला शिबिराचा तास पुरत नाही. म्हणून हा लेख.

'हिंसा कमी होते आहे' या बाजूचा सर्वांत मोठा आणि सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे स्टीव्हन पिंकर यांचा 'द बेटर एंजल्स ऑफ अवर नेचर'. पिंकर हे हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. नाव अब्राहम लिंकन यांच्या १८६१ सालच्या भाषणातून घेतलेले आहे. आठशेच्या आसपास पाने, दहा प्रकरणे, आणि आलेख व तक्ते इतके की संख्याशास्त्राच्या शिक्षकाला वर्षभर उदाहरणे पुरावीत. त्यांचे म्हणणे असे : टोळ्यांमधल्या लढाया, खून, छळ, गुलामगिरी, महायुद्धे, इतकेच काय पण मुलांना दिला जाणारा मार, हे सारे दीर्घ काळात कमी होत आले आहे, आणि आज आपण बहुधा मानवी इतिहासातल्या सर्वांत कमी हिंसक काळात जगतो आहोत.

एवढ्या वर्षांनी हे पुस्तक पुन्हा उघडायचे कारण वर्गात आहे. २०२२ पासून युक्रेन, तिग्राय, सुदान, गाझा ही नावे मुलांच्या कानांवर सतत आली. चौदा वर्षांचा मुलगा विचारतो, 'सर, जग असेच बिघडत जाणार का?' तेव्हा त्याला धीर देण्यासाठी खोटे बोलायचे नाही, आणि खरे म्हणून निराशाही हातात द्यायची नाही. त्यासाठी हिशेब नीट माहीत पाहिजे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. या पुस्तकात दोन निराळे दावे एकाच दोरीने बांधले आहेत. त्यातला खुनांविषयीचा दावा बराच भक्कम आहे. युद्धांविषयीचा दावा अजून सिद्ध झालेला नाही, आणि आपल्या हयातीत सिद्ध होण्याची शक्यताही थोडी आहे.

भक्कम बाजू आधी घेऊ. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकाच्या अखेरीपासून कॉरोनर हा अधिकारी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करून नोंद ठेवत असे. (हे पद पुढे आपल्याकडेही आले, मुंबईत ते १९९९ पर्यंत होते.) या जुन्या नोंदींतून खुनांची संख्या काढायची, करांच्या याद्यांवरून त्या भागाची लोकसंख्या अंदाजायची, आणि भागाकार करून दर लाख वस्तीमागे वर्षाला किती खून ते ठरवायचे. अशा आकड्यांचा आलेख टेड गर यांनी १९८१ साली मांडला. मॅन्युएल आयस्नर यांनी पश्चिम युरोपातील इतर देशांसाठी ते काम विस्ताराने केले. चौदाव्या शतकातील इंग्लंडचा आकडा लाखामागे वीसच्या घरात किंवा त्याहून वर येतो, विसाव्या शतकातला एकच्या आसपास. ऑक्सफर्ड गावाचा चौदाव्या शतकातला अंदाज तर शंभरावर जातो! विद्यापीठाचे गाव, तरुण विद्यार्थ्यांची गर्दी, अनेकांच्या कमरेला सुरा आणि जवळच दारूचे गुत्ते. हा आकडा वसतिगृहाच्या रेक्टरांनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

आता शंका काढू. मध्ययुगातली लोकसंख्या कोणी मोजली होती? छेद अंदाजाचा आहे, हे खरे. पण समजा, छेद दुपटीने चुकला. तरी वीसपट घट दहापट होईल, नाहीशी होणार नाही. दुसरी शंका अधिक बारीक आहे. आज सुरा लागलेला माणूस शस्त्रक्रियेने आणि प्रतिजैविकांनी वाचतो. तेव्हा साधी जखमही चिघळून जीव घेई. मग कमी काय झाले, मारामारी की मृत्यू? शंका रास्त आहे, आणि आजच्या आकड्यांना ती लागूही पडते. पण युरोपातली बरीचशी घसरण सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत झाली आणि प्रतिजैविके विसाव्या शतकात आली. त्यामुळे सगळे श्रेय डॉक्टरांना देता येत नाही.

कारणांबद्दल पिंकर पुष्कळ लिहितात : कायद्याचे राज्य, व्यापार, साक्षरता, आणि नॉर्बर्ट एलियास यांनी १९३९ साली मांडलेली संयमाच्या सवयीची उपपत्ती. एलियास हे ज्यू असल्याने जर्मनी सोडून गेले होते. माणूस हळूहळू सभ्य होत गेला असे सांगणाऱ्या या लेखकाची आई पुढे नाझींच्या छळछावणीत मारली गेली. एलियास यांचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरते असे नाही. पण खुनांचा आलेख खाली येत असतानाच, त्याच खंडात, दुसरे काही घडू शकते, हे त्यावरून दिसते.

आपल्या देशाचे आकडेही पाहावेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांनुसार १९९२ साली भारतात ४० हजारांवर खुनांची नोंद झाली, म्हणजे लाखामागे सुमारे साडेचार. २०२२ साली नोंदलेले खून २८,५२२, लाखामागे २.१. मधल्या तीस वर्षांत लोकसंख्या दीडपटीहून अधिक झाली, तरी खुनांची नुसती संख्यासुद्धा उतरली. आमच्या बैठकांत यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. मात्र रकाने नीट वाचावेत. 'हुंडाबळी' हे कलम १९८६ साली दंडसंहितेत स्वतंत्र आले, आणि त्याची बेरीज 'खून' या रकान्यात होत नाही. २०२२ साली अशा नोंदी सुमारे साडेसहा हजार होत्या. त्यांतले किती मृत्यू खून आणि किती आत्महत्या, हे रकान्यावरून कळत नाही. सगळेच खून धरले तरी बेरीज ३५ हजार आणि दर अडीच होतो, म्हणजे घट उरतेच. पण प्रश्न विचारायला हवा होता. कोणते मरण कोणत्या रकान्यात घातले आहे, हे पाहिल्याशिवाय आलेखावर बोट ठेवू नये.

रकान्यांचा हाच प्रश्न युद्धांकडे वळल्यावर फार मोठा होतो. पाचव्या प्रकरणात पिंकर यांनी इतिहासातील सर्वांत भयंकर संहारांचा एक तक्ता दिला आहे. आकडे मुख्यतः मॅथ्यू व्हाइट या संग्राहकाचे आहेत. प्रत्येक घटनेतील मृतांची संख्या विसाव्या शतकाच्या मध्यावरील जगाच्या लोकसंख्येला 'जुळवून' घेतली आहे, म्हणजे त्रैराशिक मांडले आहे. पहिला क्रमांक येतो चीनमधल्या आन लुशानच्या बंडाचा (इ.स. ७५५ ते ७६३). मृत ३ कोटी ६० लाख. तेव्हाचे जग सुमारे २१ कोटींचे. १९५० च्या सुमारास २५० कोटींचे. म्हणून जुळवलेले मृत ४२ कोटी ९० लाख! साडेपाच कोटी बळींचे दुसरे महायुद्ध या यादीत नवव्या स्थानावर जाऊन बसते. वाचणाऱ्याची समजूत अशी होते, की विसावे शतक उगीचच बदनाम झाले.

या तक्त्यातला पहिला आकडा कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे. तांग राजवटीच्या बंडापूर्वीच्या शिरगणतीत ५ कोटी २९ लाख माणसे नोंदली होती, ७६४ सालच्या गणतीत १ कोटी ६९ लाख. वजाबाकी ३ कोटी ६० लाख. पण ही वजाबाकी 'मेलेल्यां'ची नाही, 'यादीत न सापडलेल्यां'ची आहे. बंडानंतर कित्येक प्रांत राजधानीचे ऐकेनासे झाले, माणसे पळाली, कराच्या भीतीने लपली, मोजणारे कारकूनच उरले नाहीत. शाळेच्या पटावरून पन्नास नावे कमी झाली म्हणून पन्नास मुले दगावली असे आपण म्हणत नाही. स्वतः व्हाइट यांनीही आपल्या पुस्तकात हा आकडा १ कोटी ३० लाखांवर आणला. म्हणजे जुळवलेला आकडा ४२ कोटींवरून सुमारे साडेपंधरा कोटींवर उतरतो. एका वजाबाकीच्या अर्थावर सत्तावीस कोटी 'मृत' इकडचे तिकडे होतात.

भागाकाराबद्दलही बोलले पाहिजे. लोकसंख्येने भागणे चूक नाही. 'त्या काळी जन्माला आलो असतो तर मारले जाण्याचा धोका किती?' या प्रश्नाला तोच मार्ग आहे. पण साऱ्या जगाच्या लोकसंख्येने भागायचे का? आन लुशानने बंड केले त्या सुमारास आपल्याकडे राष्ट्रकूटांची सत्ता उदयाला येत होती. वेरुळजवळच्या शेतकऱ्याला त्या बंडाचा वाराही लागला नसणार, तरी छेदात तो आहे. उलट आज नायजेरियात किंवा बिहारमध्ये जास्त मुले जन्मली, की १९९५ साली स्रेब्रेनिका येथे मारल्या गेलेल्या सुमारे आठ हजारांच्या तोडीचा संहार पुढे कधी झाला तर तो तक्त्यात लहान दिसेल. शिवाय काळाने भागायचे राहूनच गेले आहे. याच तक्त्यात मध्यपूर्वेतील गुलामांचा व्यापार महायुद्धाच्या वर आहे. तो सातव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत, बारा शतके चालला. महायुद्ध सहा वर्षांचे. बारा शतकांचा पाऊस आणि एका रात्रीची ढगफुटी एकाच पर्जन्यमापकात मोजण्यासारखे हे झाले.

त्या तक्त्यात बाराव्या क्रमांकावर ब्रिटिश हिंदुस्थानातील एकोणिसाव्या शतकातले दुष्काळ आहेत, मृत १ कोटी ७० लाख. टाळता आले असते असे मरण हाही संहारच, हे पिंकर तिथे मान्य करतात, आणि १८७६-७८ च्या दुष्काळाच्या कहाण्या ऐकलेल्या महाराष्ट्राला ते पटेल. पण १९४५ नंतरच्या शांततेचे आलेख आले की मोजपट्टी बदलते. तिथे प्रामुख्याने लढाईत मेलेलेच मोजले आहेत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे गेली, ऐन युद्धकाळात. लढाईच्या रकान्यात त्यांना जागा नाही. काँगोत १९९८ नंतरच्या युद्धात ५४ लाख माणसे मेल्याचा एक अंदाज आहे, बहुतेक रोगराईने आणि कुपोषणाने. तो अंदाज वादग्रस्त आहे आणि पिंकर तो फुगवलेला मानतात. मानोत. पण युद्धामुळे येणारी उपासमार आधीच्या शतकांत धरायची आणि नंतरच्या दशकांत वगळायची, असे केल्यास उतार आपोआपच निघेल. सम्राट अशोक या बाबतीत अधिक काटेकोर होता असे म्हणावेसे वाटते. कलिंगाविषयीच्या तेराव्या शिलालेखात त्याने तीन वेगळे गट सांगितले आहेत : एक लाख मारले गेले, दीड लाख नेले गेले, आणि जे नुसते मेले ते याच्या कितीतरी पट. आकडे गोल आहेत, पण रकाने बरोबर आहेत.

प्रागैतिहासिक काळावर फार जागा घालवत नाही. राज्यसंस्था नव्हती तेव्हा शंभरातली सुमारे पंधरा माणसे युद्धात मरत, असे पिंकर एकवीस उत्खननस्थळांच्या यादीवरून सांगतात. ब्रायन फर्ग्युसन यांनी २०१३ साली ही यादी तपासली, तेव्हा काही ठिकाणे दोनदा आलेली आणि काही ठिकाणी हिंसक मृत्यू फक्त एक असे आढळले. यादीत उत्तर प्रदेशातील सराई नाहर राय हे ठिकाणही आहे. मोजक्या सांगाड्यांची जागा असली की शेकडेवारी फसवते : दहांत तीन म्हणजे तीस टक्के, दहांत एक म्हणजे दहा टक्के, आणि फरक दोन हाडांच्या अर्थाचा.

या सगळ्यापेक्षा खोल प्रश्न वेगळाच आहे, आणि तो समजायला लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जावे लागते. पिंकर यांनीही त्याच्यावर बरीच पाने खर्च केली आहेत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. रिचर्डसन हवामानशास्त्रज्ञ होता आणि क्वेकर पंथाचा, म्हणजे शस्त्र न धरणारा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत असे आणि फावल्या वेळात हवामानाचा अंदाज गणिताने कसा करावा याचे हिशेब करीत असे. ते हस्तलिखित लढाईच्या धामधुमीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२० साली हवामानखाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा त्याने नोकरी सोडली. पुढे आयुष्याची बरीच वर्षे त्याने युद्धे मोजण्यात घालवली. तो १९५३ साली वारला. 'स्टॅटिस्टिक्स ऑफ डेडली क्वारल्स' हे पुस्तक १९६० साली निघाले.

रिचर्डसनने प्रत्येक भांडणाला बळींच्या संख्येचा लॉग हा अंक दिला. एक खून म्हणजे शून्य, हजार बळींची चकमक म्हणजे तीन, महायुद्ध म्हणजे सात. १८२० नंतरच्या सव्वाशे वर्षांची बेरीज केल्यावर त्याला दिसले, की एकूण बळींपैकी सुमारे साठ टक्के केवळ दोन घटनांत गेले आहेत, दोन महायुद्धांत. दुसरा मोठा वाटा अगदी दुसऱ्या टोकाला, शून्य अंकाच्या खुनांचा. मधल्या शेकडो युद्धांचा वाटा त्यामानाने थोडा. आणि युद्धे सुरू होण्याच्या तारखा त्याने तपासल्या, तर त्या फाशांच्या दानासारख्या विखुरलेल्या निघाल्या, वाढ नाही की घट नाही.

यातच आमचा मुख्य आक्षेप आहे. खून म्हणजे हजारो छोट्या, एकमेकांपासून सुट्या घटना. अशा घटनांचा दर दहा-वीस वर्षांत स्थिर दिसतो आणि बदलला तर कळतो. युद्धांचे तसे नाही. तिथे सारा हिशेब दोन-चार अतिप्रचंड घटना ठरवतात, आणि त्या क्वचित येतात. क्वचित येणारी गोष्ट काही काळ आली नाही, यावरून ती येणे थांबले असे म्हणता येईल का?

हे वर्गात करून पाहता येते. दोन फासे घ्या. 'सहा-सहा' पडले की महायुद्ध असे धरा. शक्यता छत्तिसात एक. मुलांना विचारा, किती वेळा सहा-सहा पडले नाही तर फासे बदलले असे तुम्ही म्हणाल? बहुतेक मुले वीस-पंचवीस म्हणतात. प्रत्यक्षात पंचवीस फेकींत एकदाही न पडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. ऐंशी फेकी कोऱ्या जाण्याची शक्यता दहात एक. ती वीसात एकवर आणायला शंभराहून अधिक फेकी लागतात. आता महायुद्धाची शक्यता वर्षाला शंभरात एक धरा. ऐंशी वर्षे ते न होण्याची शक्यता सुमारे पंचेचाळीस टक्के येते, म्हणजे नाणे उडवल्यासारखीच. दुसऱ्या महायुद्धानंतर तेवढीच वर्षे झाली आहेत.

चिरिलो आणि तालेब यांनी असाच मुद्दा अधिक अवघड गणिताने मांडला. त्यांच्यात आणि पिंकर यांच्यात झालेली कडवट भांडणे बाजूला ठेवू. आरन क्लॉसेट यांनी २०१८ साली, १८२३ ते २००३ मधली राष्ट्राराष्ट्रांतील ९५ युद्धे घेऊन हिशेब केला. त्यांचा निष्कर्ष असा, की सध्याची शांतता आणखी १०० ते १४० वर्षे टिकली, तरच ती नुसत्या योगायोगाहून वेगळी आहे असे संख्याशास्त्राने म्हणता येईल. दरम्यान, उपसाला विद्यापीठाच्या मोजणीप्रमाणे एखादे सरकार सहभागी असलेले सशस्त्र संघर्ष २०२४ साली ६१ होते, १९४६ नंतरचे सर्वाधिक. संघर्षांची संख्या आणि बळींची संख्या वेगळी, हे खरे. पण पुस्तकातला उतार २०११ च्या पुढे नेताना हे आकडे समोर ठेवावे लागतात.

१९५३ नंतर महासत्ता एकमेकींशी थेट लढल्या नाहीत, याला कारणे असू शकतात. ती पिंकर देतात आणि ती विचार करण्याजोगी आहेत. पण मेलेल्यांच्या आलेखात टळलेला धोका दिसत नाही. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत इशारायंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रे येत असल्याचे दाखवले आणि स्तानिस्लाव पेत्रोव या अधिकाऱ्याने तो इशारा खोटा ठरवला. त्या वर्षाच्या आलेखावर त्या रात्रीचा काहीही ठसा नाही. जगात आजही बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत.

मग हे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे का? असावे. तिसरे आणि चौथे प्रकरण तर अवश्य वाचावे. खून आणि क्रूर शिक्षा यांचा इतिहास इतक्या साधार आणि वाचनीय रीतीने क्वचित सांगितला गेला आहे. सातव्या प्रकरणात मुलांना होणाऱ्या मारहाणीविषयीची पाने आहेत. स्वीडनने १९७९ साली घरातल्या मारालाही बंदी केली, आपल्याकडे शाळेतल्या शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने केली. छडी बंद झाली ती आपोआप नव्हे, कोणीतरी ती आक्षेपार्ह ठरवली म्हणून, आणि हा बदल आपल्यापैकी पुष्कळांच्या नोकरीच्या काळातच झाला आहे. ही पाने शिक्षकांच्या खोलीत एकत्र वाचण्यासारखी आहेत. पाचवे प्रकरण मात्र कागद, पेन्सिल आणि दोन फासे जवळ असल्याशिवाय उघडू नये. आणि तिसऱ्या प्रकरणातील खुनांचे आलेख लॉग प्रमाणावर काढले आहेत. ते मुलांकडून एकदा साध्या आलेखवहीत काढून घ्यावेत. वळण कुठे येते आणि सपाट भाग कुठून सुरू होतो, ते त्यांचे त्यांना दिसेल.